सगळं अण्णांना विचारून

शीतगृहाच्या चार नंबर चेंबरच्या दारावर हर्षदानं तिसऱ्यांदा तळहात टेकवला आणि दार तिसऱ्यांदा तेवढ्याच गोड आवाजात म्हणालं, "नमस्कार. या दाराशी तुमचा संबंध आढळत नाही."

"संबंध आढळत नाही?" हर्षदा ओरडली. "अगं भवाने, तुला इथं बसवलं तेव्हा उन्हात उभी राहून तुझ्या बिजागऱ्या मी मोजून घेतल्यात!"

दार गप्प. दाराला लाज नव्हती आणि घामही येत नव्हता. घाम सगळा बाहेरच्यांना. २०४१ सालचा मार्च, सकाळचे साडेअकरा, पारा एक्केचाळीसवर. तासगाव–कवठे रस्त्यावरच्या 'खराडे बेदाणा' कंपनीच्या फाटकाबाहेर क्रेटांनी भरलेल्या तेवीस गाड्या उभ्या. गाड्या आपल्या आपण चालणाऱ्या, त्यामुळे त्यांच्याशी भांडण्यातही मजा नव्हती. पण त्यांच्याबरोबर आलेले बागायतदार चांगले हाडामांसाचे होते.

"ताई, आत घ्या की माल. उन्हानं चिकट व्हाय लागला."

"घेते काका, दोनच मिनिटं."

ही दोन मिनिटं सकाळी आठपासून चालली होती. दाराच्या काळ्या पट्टीवर हिरवी अक्षरं शांतपणे सरकत होती : 'अण्णासाहेब खराडे यांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत. क्रमांक एकशे सतरा.'

अण्णासाहेब म्हणजे कंपनीचे संस्थापक. वय अठ्ठ्याहत्तर. या क्षणी ते तीन किलोमीटरवर आपल्या घरी झोपाळ्यावर बसून एक्काण्णव नंबरची मंजुरी वाचत असणार, हे हर्षदाला उभ्या जागी दिसत होतं. कंपनी त्यांनी उभी केली, यात काडीची शंका नाही. पण गेली अकरा वर्षं ती चालवत होती हर्षदा. कुठला लॉट कुठल्या चेंबरला जायचा, कुठला परत रॅकवर वाळवायला टाकायचा, परदेशी जाणाऱ्या कंटेनरमध्ये काय भरायचं, सगळं ती ठरवायची. मूठभर बेदाणा घ्यायचा, गच्च दाबायचा, मूठ उघडायची. सुटा होऊन पडला तर माल वाळलेला. लाडूसारखा चिकटून राहिला तर ओला, चार दिवसांत आंबणार. यंत्रं ओलाव्याचा आकडा सांगायची, पण आकडा क्रेटच्या वरच्या थराचा. हर्षदा हात कोपरापर्यंत खाली घालायची.

आणि हे सगळं नेमकं ज्या व्यक्तीला माहीत असायला हवं, तिलाच माहीत नव्हतं. ती व्यक्ती म्हणजे मांडणी.

मांडणी काय चीज होती ते आधी नीट सांगायला हवं.

पूर्वी एखाद्या कंपनीला स्वतःचा आराखडा हवा असला की सल्लागार यायचे. सहा-सहा महिने बसून चौकटी आणि बाण काढायचे. हे खातं, हे काम, ही माहिती इकडून तिकडं जाते, हा निर्णय अमक्याचा. आराखडा पुरा होईपर्यंत कंपनीच बदललेली असायची, मग तो कपाटात जायचा आणि कपाटाची किल्ली हरवायची. मांडणी ही संगणकप्रणाली; तिनं हा सगळा प्रकार उलटा करून टाकला. ती कंपनीत मुरायची, लोणच्यात मीठ मुरतं तशी. वजनकाटे, कॅमेरे, दारं, संगणकातल्या जुन्या नोंदी, माणसांचं बोलणं, सगळं ऐकून-बघून आराखडा ती स्वतःच काढायची आणि दर सेकंदाला नवा करायची. मग त्या आराखड्यातली कंपनी आतल्या आत लाखो वेळा चालवून बघायची. ही चौकट काढली तर? हा बाण तिकडं वळवला तर? आणि त्यातली जी सगळ्यात छान चालेल, तसंच खऱ्या कंपनीला चालायला लावायची. दारं, काटे, गाड्या, सगळे तिचंच ऐकायचे. म्हणजे आधी कंपनी असायची आणि लोक तिचं चित्र काढायचे. आता चित्र आधी, आणि कंपनीनं चित्रासारखं दिसायचं!

पण एका ठिकाणी मांडणीसुद्धा हात टेकायची. क्रेट कुणी उचलला हे कॅमेऱ्याला दिसतं. तो उचलायचा हे कुणी ठरवलं, ते दिसत नाही. अधिकार दिसतच नाही मुळी, तो सांगावा लागतो. म्हणून मांडणी पहिले पंधरा दिवस प्रत्येकाची जबानी घ्यायची. बऱ्याच जणांच्या जबान्या एकमेकींशी जुळल्या, जुन्या नोंदींशीही जुळल्या, की ते सत्य. पक्कं.

हर्षदाची जबानी जानेवारीत झाली होती. तेव्हा मांडणीनं किती प्रेमानं विचारलं होतं, "हर्षदाताई, तुमचं काम काय?"

आणि हर्षदानं, आपल्या आईनं शिकवलं होतं तसं, पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं करून उत्तर दिलं होतं, "मी काय करणार बाई? सगळं अण्णांना विचारून चालतं. मी आपली नुसती लक्ष ठेवते."

आता याला काय म्हणायचं! पाहुण्यांनी भाजीचं कौतुक केलं की "कसली, मीठच कमी पडलंय" म्हणतात ना, तसलं ते बोलणं. ऐकणाऱ्यानं ते खोडून काढायचं असतं. "असं कसं, तुमच्याशिवाय पान हलत नाही" म्हणायचं असतं. मांडणीनं खोडलं नाही. मांडणीनं लिहून घेतलं.

कंपनीत माणसं चौसष्ट. त्यातल्या एकसष्ट जणांनी हेच सांगितलं, "अण्णांना विचारून." प्रतवारीच्या मुकादम शकीलाभाभी तर पुढं म्हणाल्या होत्या, "अण्णांच्या शब्दाबाहेर आमच्यात कोण पाणीबी पीत नाही." वास्तविक शकीलाभाभी आयुष्यात कुणालाही विचारून पाणी प्यायलेल्या नव्हत्या.

जुन्या नोंदींचं म्हणाल तर त्याहून कहर. हर्षदा अठराव्या वर्षी इथं नोंदी करायला लागली. अण्णांचे डोळे अधू झाल्यावर ती त्यांच्याच नावानं संगणक उघडून निर्णय भरायला लागली. नाव बदलून स्वतःचं घालायचं म्हणजे थोरल्या माणसाला खुर्चीवरून उठवल्यासारखं वाटायचं तिला. आज करू, उद्या करू, करत अकरा वर्षं गेली. अकरा वर्षांतला प्रत्येक निर्णय कागदोपत्री अण्णांचा.

त्यामुळे मांडणीच्या आराखड्यात अण्णा सूर्य झाले, आणि हर्षदा एक ठिपका.

"बघा ताई, बघा!" अण्णांचा मुलगा सुयोग तिला त्याच सकाळी मीटिंगच्या खोलीत भिंतीसमोर उभी करून म्हणाला. तो पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता आणि दीड वर्षापासून कंपनी बघत होता. भिंतीवर सोनेरी गोळा तळपत होता, आणि त्यातून शेकडो बाण फुटले होते. "हे अण्णा. दिवसाला सरासरी दोनशे निर्णय! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, त्या दिवशीसुद्धा एकशे त्रेचाळीस! मांडणी म्हणते, असला माणूस तिनं कुठल्याच कंपनीत पाहिला नाही."

त्या दिवशी ती ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मांडीवरच्या फोनमधून गाड्या सोडत होती.

"आणि मी कुठाय?"

सुयोगनं बोटानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणखी. कोपऱ्यात धुळीच्या कणाएवढं काहीतरी दिसलं. शेजारी लिहिलं होतं : 'लक्ष ठेवते.'

"तेच बोलायचं होतं ताई." सुयोगचा आवाज खाली आला. "लक्ष ठेवायला आता मांडणी आहे. एक एप्रिलपासून तुमची चौकट नाही राहत. मलाच कसंतरी होतंय. पण मी नाही ठरवलं हे, आराखड्यात तसं येतंय."

परीक्षेच्या हॉलबाहेर यादी लावलेली असावी आणि सगळ्यांचे नंबर असून आपलाच नसावा, तसं हर्षदाला वाटलं.

"सुयोगदादा, निर्णय अण्णा नव्हते घेत."

"म्हणजे?"

"म्हणजे... ते होतेच. पण भरायची मी."

"हो, टाइप तुम्ही करत होता. ते आहे नोंदीत." तो हसला. किती विश्वासानं हसला! बापाबद्दलचा अभिमान त्याच्या चेहऱ्यावर नवीन शर्टासारखा दिसत होता. "चूक वाटत असेल तर दुरुस्तीची जबानी असते ना. ज्याचा अधिकार आहे त्यानं सगळ्यांसमोर सोडायचा, दुसऱ्यानं सगळ्यांसमोर घ्यायचा. नाहीतर कुणीही उठेल आणि म्हणेल, कंपनी मीच चालवते! अण्णांशी बोला तुम्ही."

बोला म्हणे. हर्षदा गेली बोलायला. तिला वाटलं होतं, अण्णा वैतागलेले असतील, फोन तिच्या हातात देऊन म्हणतील, घे बाई, सोडव मला यातनं.

अण्णा झोपाळ्यावर ताठ बसले होते. धुवट सदरा, दाढी केलेली, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात फोन. शेजारी पाटावर वही. गेल्या पाच वर्षांत तिनं त्यांना इतकं तरतरीत पाहिलं नव्हतं.

"ये गं पोरी! बस. हे बघ, ब्याण्णव नंबर झाला. न वाचता मंजुरी द्यायची नाही म्हणत्यात. डोळं साथ देत नाहीत, पर देतो वाचून, एक-एक." भिंगातून त्यांचा डोळा बशीएवढा दिसत होता. "मला वाटलं हुतं, म्हातारं झालं, सगळ्यांनी फोटो लावल्यागत बाजूला बसवलं. पर बघ, अजून माझ्याबिगर दार उघडत नाही!"



"अण्णा," हर्षदानं बोलायला आलेलं सोडून दुसरंच विचारलं, "काल चार नंबरला मणेराजुरीचा लॉट आत घेतला, तो तुम्हीच घ्या म्हणालात?"

"व्हय. लांबनं आलेला माणूस, म्हणला अण्णा, लई ऊन हाय. म्हटलं, घ्या त्याला."

"ओला होता तो. फाटकावर मी मूठ दाबली होती, लाडू झाला हातात. चार नंबरमध्ये शुक्रवारच्या कंटेनरचा सगळा माल आहे, अण्णा! एक आंबायला लागला की सगळ्याला वास लागणार."

अण्णांचा चेहरा जरासा पडला, मग ते भिंग पुसत म्हणाले, "मग आता काय म्हणतीस? बाहेर काढायचं व्हय? कितवा नंबर आला त्याचा? रांगेतनंच बघायला पायजे. मधीच घुसवायचं नाही कुणाला."

तो नंबर होता दोनशे सहा.

त्या दिवशी दुपारी हर्षदा त्यांच्या शेजारी पाटावर बसली आणि वाचून दाखवायला लागली. "हे हो म्हणा अण्णा. हे नको म्हणा. हे रॅकवर." एका तासात चाळीस मंजुऱ्या सुटल्या! फाटकावरच्या गाड्या हलल्या. हर्षदाला वाटलं, जमलं. असंच करू. गुपचूप.

संध्याकाळी सुयोगचा फोन आला, आनंदानं फसफसलेला. "ताई, मार्ग निघाला! मांडणीला दिसलं की तुम्ही शेजारी असलात की अण्णांचा वेग वाढतो. तिनं तुमच्यासाठी चौकट काढलीय!"

"कसली?"

"निर्णयाला सहाय्यक साधन. म्हणजे... चष्म्याच्या शेजारी. अण्णांचा चष्मा, अण्णांचं भिंग आणि तुम्ही."

हर्षदानं फोन ठेवला, बाहेर अंगणात गेली, आणि तिथल्या निरपराध बादलीला अशी लाथ मारली की ती गोठ्यापर्यंत गडगडत गेली. एकतीस वर्षांची बाई! अकरा वर्षं! चष्म्याच्या शेजारी!

दुसऱ्या दिवशी तिनं दुरुस्तीची जबानी मागितली. मांडणीनं गुरुवार दिला. वाद मिटेपर्यंत वादातलं दार उघडायचं नाही हा तिचा नियम, त्यामुळे तोवर चार नंबर बंदच राहणार होता.

मधल्या वेळात तिनं एकेकाला गाठलं. काट्यावरचा, गाड्यांवरचा, प्रतवारीवरच्या सगळ्या बायका. शकीलाभाभींनी तर कमरेवर हात ठेवून भाषणच केलं. "तोंड हाय का न्हाई तुला? गावभर ठावं हाय कंपनी कोण चालवतंय. मी सांगती की त्या मांडणीला! घाबरती व्हय मी यंत्राला?"

"नक्की ना भाभी?"

"अल्लाची शपथ!"

गुरुवारी सकाळी सगळे प्रतवारीच्या शेडमध्ये जमले. पट्टे थांबवलेले, पिवळा-हिरवा बेदाणा त्यावर तसाच. अण्णांना सुयोगनं स्वतः गाडीतून आणलं आणि सगळ्यांच्या समोर खुर्चीत बसवलं. अण्णांनी हात जोडले. चौसष्ट माणसांचे हात आपोआप जोडले गेले. हर्षदानं ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, मेले मी.

"शकीला मणेर," मांडणीचा आवाज छतातून आला, "लॉटबद्दलचे निर्णय कोण घेतं?"

भाभी उठल्या. त्यांनी हर्षदाकडं बघितलं. मग अण्णांकडं. अण्णा हसले. भाभींच्या लग्नात मांडवाची सगळी व्यवस्था याच माणसानं केली होती.

"आता... तसं म्हणलं तर... हर्षदा असती आपली हितंतिथं. पर शेवटी सगळं अण्णांच्या कृपेनंच."

"भाभी!" हर्षदा दातातल्या दातात किंचाळली.

"काय करू गं, त्येंच्या तोंडावर कसं बोलू!"

एकामागून एक. काट्यावरचा उठला, "अण्णांना विचारून." गाड्यांवरचा उठला, "अण्णाच. पण ताईंची मदत हुती." फोडणीत मोहरी टाकावी तशी तिची चिमूटभर मदत. पासष्टावं कुणी असतं तर तेही हेच म्हणालं असतं. हर्षदाला वाटलं, पट्ट्यावरचा सगळा बेदाणा मुठीत घ्यावा आणि एकेकाच्या डोक्यात मारावा. आणि गंमत म्हणजे राग सगळ्यात जास्त कुणाचा येत होता, तर जानेवारीतल्या त्या हर्षदाचाच, जी गोड हसून म्हणाली होती, मी काय करणार बाई.

"हर्षदा एडके," मांडणी म्हणाली.

ती उठली. 'आम्ही', 'आपण', 'होऊन जातं', 'झालं आपलं कसंतरी', सगळे ओळखीचे शब्द जिभेवर गर्दी करून उभे राहिले. तिनं ते ढकलून दिले.

"मी ठरवते," ती म्हणाली. आवाज चिरकला. तिनं पुन्हा म्हटलं. "कुठला लॉट कुठं जायचा, ते मी ठरवते. कंटेनर मी भरते. अकरा वर्षांतले सगळे निर्णय माझे. अण्णांच्या नावानं, पण माझे. ऑपरेशनच्या दिवशीचे एकशे त्रेचाळीससुद्धा. आणि चार नंबरमध्ये ओला माल आहे, तो आज काढला नाही तर उद्या कंटेनर जाणार नाही."

छपराचा पत्रा तापून कडकडला. सुयोगच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"अण्णासाहेब, हे खरं आहे का?" मांडणीनं विचारलं.

अण्णांनी काठीवरचे हात बदलले. "खरं हाय," ते म्हणाले. "पोरगी खोटं बोलत नाही."

हर्षदानं सुस्कारा सोडला. पण अण्णांचं संपलं नव्हतं. तिच्याकडं बघून ते मायेनं हसले, लेकराची चूक पोटात घालताना हसतात तसं.

"मीच सांगितलं हुतं तिला. म्हटलं, माझ्या नावानं कर, मी हाय पाठीशी. तिच्याकडं काय दोष नाही."

"नोंद झाली," मांडणी म्हणाली. "निर्णय अण्णासाहेबांचे. त्यांच्या सांगण्यावरून अंमलबजावणी हर्षदा एडके यांची. अधिकारात बदल नाही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! सगळं छान मिटलं म्हणून शकीलाभाभींनी तर डोळे पुसले. सुयोगच्या चेहऱ्यावर रंग परत आला. अण्णांनी तिला वाचवलं होतं, सगळ्यांदेखत, मोठ्या मनानं. तिनं आता फक्त मान खाली घालायची होती. किती सोपं होतं! मान तर सवयीनं अर्धी खाली गेलीसुद्धा.

"नाही अण्णा," हर्षदा म्हणाली.

टाळ्या विरल्या.

"तुम्ही नव्हतं सांगितलं. कधीच नाही. तुमचं नाव काढून माझं घालायची मला भीड वाटली, म्हणून मी तसंच चालवलं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईकडं बघावं, तसं ते बघत होते.

"नव्हतं सांगितलं," शेवटी ते म्हणाले.

"आपण हा अधिकार सोडता का?" छतातून मांडणीचा आवाज आला.

"माझ्याकडं हुता कुठं, सोडायला?"

"कृपया हो किंवा नाही असं सांगा."

यंत्र ते यंत्रच. अण्णा काठीवर जोर देऊन उठले. सुयोगनं पुढं केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

"हो," म्हणाले, आणि शेडबाहेर चालत गेले.

चार नंबरमधून त्या दुपारी ब्याण्णव क्रेट बाहेर काढले. तळाला आंबूस वास धरायला लागला होता, पण बाकीचा माल वाचला आणि शुक्रवारी कंटेनर वेळेवर गेला. भिंतीवरचं चित्र बदललं, सोनेरी गोळ्यावर आता हर्षदाचं नाव आलं. हर्षदाला वाटलं होतं, आता सुटलो एकदाचे.

सुटतेय कुठली! सोमवारी तिच्या फोनवर दोनशे बारा प्रश्न. काट्यावरच्यानं विचारलं होतं, काटा पुसू का. गाड्यांवरच्यानं विचारलं होतं, तिसरी गाडी दुसरीच्या आधी सोडू का. आणि शकीलाभाभींनी विचारलं होतं, बायकांना चहाला कधी सोडू. झालं होतं काय, तर मांडणीनं सगळ्यांना पुन्हा विचारलं आणि सगळे एका सुरात म्हणाले, ताईंना विचारून.

ती ताडताड शेडमध्ये गेली. "भाभी, चहाची सुट्टी कोण ठरवतं?"

"तुम्हीच की ताई."

"आणि आता मी ताई कधीपासून झाले? गेल्या महिन्यात मला 'ए भवाने' म्हणत होता. खरं सांगा. वीस वर्षं कोण ठरवतं?"

भाभींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, ओढणीचं टोक पिळलं. पट्ट्यावरच्या बायका खुसखुसायला लागल्या.

"...मीच," भाभी पुटपुटल्या.

"मोठ्यानं."

"मी! मी ठरवती! आता जीव घेतीस का!"

"आणि प्रतवारी?"

"तीबी मी! तुला काय कळतंय त्यातलं!"

असं एकेकाला धरून 'मी' म्हणायला लावण्यात तिचे आठ दिवस गेले. आठ दिवस तीच वटवट, तीच लाजालाजी, तेच आढेवेढे. काट्यावरचा तर म्हणताना चक्क लाल झाला. भिंतीवरचा गोळा मात्र फुटत गेला, आणि चौसष्ट लहान-मोठे दिवे झाले. सुयोग रोज येऊन बघायचा. तिच्याशी कामापुरतं बोलायचा, आणि कामाचं नीट बोलायचा.

एक चौकट मात्र रिकामी होती. मांडणी रोज सकाळी आठवण करून द्यायची, 'अण्णासाहेब खराडे : काम ठाऊक नाही.'

नवव्या दिवशी हर्षदा गेली. झोपाळा हलत होता. अण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही.

"मांडणीला तुमची जबानी हवीय अण्णा."

"ठेव तिथं." तिनं फोन पाटावर ठेवला.

"अण्णासाहेब, सध्या तुमचं काम काय?" मांडणीनं पहिल्या दिवसाइतक्याच प्रेमानं विचारलं.

झोपाळा थांबला. 

"रुसलोय," ते म्हणाले. "घाल चौकटीत."

हर्षदाला हसू फुटणार होतं, पण त्याच्या आधी भलतंच काहीतरी वर आलं. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं.

"मग मीपण रुसलेय. लिही माझंही. अकरा वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं तुम्ही, की पोरी, हे सगळं कोण करतंय. एकदा!"

"तू सांगायचं हुतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

"आन् सगळ्यांदेखत सांगितलंस ते? घरी येऊन सांगता येत नव्हतं व्हय?"

"आले होते की! तुम्ही भिंग घेऊन इतके खूश होतात, की जीभच उचलेना."

थोडं सरकून अण्णांनी झोपाळ्यावर जागा केली की नुसतीच बैठक बदलली, ते सांगता येणार नाही. हर्षदा बसली. दोघं दोन टोकांना, तोंडं दोन दिशांना.

मांडणीनं दोन चौकटी काढल्या. दोन्हींत एकच काम लिहिलं : 'रुसणे.' आणि मग तिनं विचारलं, "या दोन चौकटींमधला बाण कोणाकडून कोणाकडे काढायचा?"

दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.